आधी पाणी

"आधी पाणी," असं म्हणून सारंगचाचांनी पितळेचा तांब्या माझ्यापुढे धरला. मी तोवर नावही सांगितलं नव्हतं. नोकरी मागायला आले होते आणि तोंडात लाल धुळीची कोरड होती.

ती धूळ कुठली, ते आधी सांगते. माझा बाप चिरेखाणीवर कामाला होता. रत्नागिरीत जांभ्या दगडाची घरं दिसतात ना, त्यांतल्या कितीतरी घरांचे चिरे त्याच्या हातचे. आई ते डोक्यावरून वाहून ट्रकात भरायची. आमचं स्वतःचं घर मात्र मातीचं. दर पावसाळ्यात एखादी भिंत बसायची आणि गणपतीच्या आधी आई ती पुन्हा उभी करायची. बापाच्या छातीत खाणीची धूळ बसली तेव्हा त्याचं काम अर्ध्यावर आलं, पण माझं कॉलेज त्याने थांबवलं नाही. म्हैस विकली, आईच्या कानातलं गेलं आणि मी बी. ए. झाले. इंग्रजी घेऊन. आमच्या वाडीत तोवर कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. याचा मला तेव्हा अभिमान होता, आजही आहे. त्यात लपवायचं काय? पण पदवी घेऊन वर्षभर घरीच बसले होते. त्या दिवशी चिऱ्यांच्या ट्रकात बसून मिरजोळ्यापर्यंत आले आणि तिथून खाडीपर्यंत चालत.

तांब्या रिकामा होईपर्यंत चाचा उभे राहिले. मग म्हणाले, "इंग्रजी येतं म्हणतेस. बोलता येतं का वाचता?"

"वाचता," मी म्हटलं. "बोलायला कुणी भेटलंच नाही."

"खरं बोललीस. मला बोलता येतं, वाचता नाय. दोघांचा मिळून एक शिकलेला माणूस होईल. उद्यापासून ये."

एवढीच माझी मुलाखत. अठ्ठ्याण्णव साल होतं आणि कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती.

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. चाचांनी सारी उमर परदेशी जहाजांवर काढली होती. बुटके, रुंद, पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि चालताना पाय जरा फाकलेले. आपल्याकडे बोटीवरून उतरलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; जमीन कधीही हलेल असा त्यांना शेवटपर्यंत संशय असतो.

खाडीकाठी त्यांच्या आजोबांची वखार होती. एके काळी तिथे इमारती लाकूड भरलेलं असे, पुढे नुसती वटवाघळं. निवृत्त झाल्यावर चाचांनी ती झाडूनपुसून परदेशी कलाकारांसाठी उघडली. पावसाळा सरला की कुणी जपानचा, कुणी हंगेरीचा, कुणी केनियाचा कलाकार यायचा, दोन-तीन महिने राहायचा, काहीतरी घडवायचा, लोकांना दाखवायचा आणि जायचा. विकायचं काही नाही, नफा नाही. रीतसर ट्रस्ट होता. मुंबईचे एक चित्रकार आणि गावातले एक डॉक्टर त्यावर होते. येण्याजाण्याचा खर्च बाहेरच्या संस्था करायच्या, जेवण चाचांच्या घरचं. पत्रव्यवहार आणि दुभाषेपणा माझ्याकडे.

"विकत नाय तर करतात कशाला?" दारावर मासे घेऊन येणारी बाई विचारायची.

"तू टोपली घेऊन गातेस ते कशाला?"

"मी गात नाय, ओरडते!"

"मग तेपण तसेच ओरडतात म्हणायचं," चाचा म्हणायचे आणि तिच्याकडची सुरमई घ्यायचे.

पाहुणा आणायला ते स्वतः स्टेशनवर जायचे. बरोबर फिरकीच्या झाकणाचा तांब्या. गाडी कितीही उशिरा आली तरी हलायचे नाहीत. परदेशी माणूस पाठीवरचं ओझं सांभाळत उतरला की पुढे होऊन म्हणायचे, "फर्स्ट वॉटर. नेम आफ्टर." ते पाणी पिऊन पोट बिघडेल अशी भीती त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसायची, पण चाचांच्या हातचं ते नाकारायची कुणाची छाती झाली नाही. पाणी उकळून गाळलेलं असायचं, हे मी मागाहून हळूच सांगायची.

याला कारण होतं. तरुणपणी ते एका लांबच्या बंदरात तापाने पडले होते. जहाज त्यांना तिथेच टाकून निघून गेलं. बंदरावरच्या एका रिकाम्या गोदामात चार-पाच चित्रकार राहायचे, त्यांनी चाचांना उचलून आत नेलं आणि पुरते बरे होईपर्यंत ठेवून घेतलं. "पोरी, पहिले आठ दिवस त्यांनी मला नावसुद्धा नाय विचारलं. नुसतं पाणी पाजत होते." ते चित्रकार काय काढत होते हे मात्र चाचांना कधी सांगता आलं नाही. "काय ते पिवळं पिवळं होतं," म्हणायचे.

पाहुण्याला कशाला आलास म्हणून विचारायचं नाही आणि पाहुण्याने मागितलं तर नाही म्हणायचं नाही, अशी वखारीची रीत होती. एक फिनलंडचा मुलगा रोज भरती-ओहोटीचा आवाज टेप करत बसायचा. मोहल्ल्यातली माणसं विचारायला आली. चाचा म्हणाले, "तो खाडी ऐकतोय."

"मग आम्ही काय बहिरे हाव?"

"तुम्ही ऐकताव, पण तुमच्या ध्यानात ऱ्हातं काय?"

दुसऱ्या एका बाईंनी जांभ्याच्या धुळीने कापडावर मोठमोठी चित्रं छापली. मी हौसेने बापाला बघायला आणलं. तो बराच वेळ त्या लाल कापडासमोर उभा राहिला, खोकला आणि म्हणाला, "त्यांना सांग, अजून लागली तर माझ्या छातीत हाय. फुकट देतो." चाचा हसले नाहीत. त्यांनी बापाला पाणी दिलं आणि दुसरा डॉक्टर नको, आमच्या ट्रस्टवरचे डॉक्टर बघतील, असं म्हणून त्याचा हात धरून घेऊन गेले. माझा बाप पुढे जितकी वर्षं जगला, ती त्या डॉक्टरांमुळे.

कुणी छपराची जुनी कौलं मागितली, चाचांनी दिली. कुणाला खाट हवी होती, चाचा जमिनीवर झोपले. घरात स्वयंपाक होता भाबीच्या हाती. भाबी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची विधवा. खरं तर चाचांनी तिला नावाने हाक मारायची, पण सगळी वखार भाबी म्हणायची म्हणून तेही भाबीच म्हणत. भाबी बारीक, ताठ, जिभेने तिखट. खाट गेली त्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "भाईजान, उद्या कोण मला मागेल, तर मलाही उचलून द्याल."

"तुला कोण मागणार? तीन दिवसांत परत आणून सोडतील."

मी तोंडावर ओढणी धरून हसले होते. ते हसू मला आजही आठवतं, आणि तिथेच ते थांबतं.

वखारीच्या मागे, माडाखाली, एक होडी उपडी घातलेली असायची. लहानच, एका माणसाने वल्हवायची. पावसाच्या आधी भाबी तिच्यावर माडाची झापं घालून घ्यायची. पाऊस सरला की झापं काढून, पदर खोचून, स्वतः तिला माशाचं तेल चोळायची. फळ्या सुकून फाकू नयेत म्हणून होड्यांना तेल लावतात, हे मला माहीत होतं. पण ही होडी कधी पाण्यात जाताना मी पाहिली नाही. एकदा चाचांना विचारलं, "ही कुणाची?"

"घरची," म्हणाले आणि पेपर उघडला.

मी घाटमाथ्याकडच्या वाडीची. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण देऊन टाकतात. होडी ठेवून तिला दर वर्षी तेल लावत बसणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. ती कशासाठी जपतात हे माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण खरं असून त्याचा मला कधी उपयोग झाला नाही.

दोन-तीन वर्षांनी माग्दा आली, पोलंडची. उंच, अबोल, लाकडात काम करणारी. पहिला आठवडा ती नुसती खाडीकाठाने फिरली. मग एका सकाळी येऊन म्हणाली, मला ती माडाखालची होडी हवी. भाबी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला मुंब्र्याला गेली होती, त्या वर्षी होडीचं तेल राहिलं होतं.

मी चाचांना सांगितलं. ते दाढी करत होते. वस्तरा गालावर थांबला.

"दे म्हणावं."

माग्दा सरळ बाई होती. तिने मला परत पाठवलं. "त्यांना नीट सांग, मी ती कापणार आहे. मधोमध, लांबीत. पुन्हा कधी होडी होणार नाही. ती कुणाला लागत असेल तर मी दुसरी शोधीन."

मी एकेक शब्द नीट सांगितला. पोहोचवण्यात माझं काही चुकलं नाही. चाचांनी गाल पुसला, टॉवेल दोरीवर वाळत घातला, त्याची टोकं जुळवली.

"दिली म्हणजे दिली," म्हणाले.

कापायला होड्यांचा म्हातारा सुतार बोलावला. त्याने करवत हातात घेण्याआधी चपला काढून बाजूला ठेवल्या. मला वाटलं, भुशात घसरू नये म्हणून. चाचा त्या दिवशी बाजारात गेले ते संध्याकाळीच आले.

आणि आता जे सांगते ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. ते काम सुंदर झालं होतं. वखारीच्या मधोमध माग्दाने होडीची दोन फाकं उभी केली होती, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर, माणसाहून उंच, मध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट. तुम्ही त्या वाटेने आत शिरलात की दोन्ही बाजूंनी होडीचं पोट तुमच्याजवळ यायचं, आणि समोरच्या दारातून खाडी दिसायची. मी त्यातून गेले आणि मला रडू आलं. आईच्या दोन हातांमधून गेल्यासारखं वाटलं. मुंबईहून माणसं आली, पेपरवाले आले, ज्या कॉलेजात मी शिकले तिथले माझे सर आले. मी त्यांना इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. मला इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं.

त्या गर्दीतच भाबी आली.

ती सकाळच्या गाडीने उतरली होती. घरी जाऊन साडी बदलली, तेलाचा डबा आणि फडकं घेतलं आणि माडाखाली गेली. तिथे नुसत्या टेकू दिलेल्या लाकडांच्या खुणा. होडी आत ओढून ठेवली असेल असं समजून ती वखारीत शिरली. माग्दाने तिला हात जोडले. भाबी तिच्या बाजूने पुढे गेली, त्या दोन फाकांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि आतल्या लाकडावर हात फिरवला.

"आतून पार सुकली," म्हणाली.

चाचा भिंतीपाशी होते. ती त्यांच्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"कापायची होती तर मला बोलवायचं होतं, भाईजान. मी धरली असती."

भाबीने डब्याचं झाकण काढलं, फडकं बुडवलं आणि उभ्या फाकाला खालून वर तेल चोळायला लागली. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. ते मागे सरून गोल करून उभे राहिले. कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तोच पेपरात आला. खाली लिहिलं होतं, 'कलाकृतीची निगा राखताना स्थानिक महिला'.

तिच्या नवऱ्याचं नाव इब्राहिम. तो त्या होडीतून मासेमारीला गेला आणि वादळात सापडला. होडी वेळणेश्वरच्या किनाऱ्याला लागली, रिकामी. तो कुठेच लागला नाही. कबर नाही. भाबीला जाऊन बसायला होती ती एवढी होडी. हे मला त्या संध्याकाळी सुताराने सांगितलं, प्रदर्शन बघून परतताना चपला पायात घालता घालता. मी माग्दाला सांगितलं तेव्हा ती जमिनीवर बसली. आताच्या आता उतरवून जोडून देते म्हणाली. सुतार म्हणाला, "सांधून देईन, पण पाणी धरायची नाय." भाबीला विचारायला मीच गेले.

"नको," ती म्हणाली. "परत हातोडे नको तिच्या अंगावर."

त्या दिवसापासून भाबी चाचांशी बोलायची थांबली. त्यांचं ताट वाढायची, कपडे धुऊन ठेवायची, त्यांच्या खोकल्याला काढा करायची. फक्त बोलायची नाही. एका अंगणात दोघं आणि मध्ये मी. परदेशी माणसांची दुभाषी म्हणून लागले होते. आता घरातल्या घरात निरोप पोहोचवू लागले.

"भाबीला सांग, कालवणात मीठ कमी हाय."

"त्यांना सांग, मीठ डबीत हाय. हात मोडलाय काय?"

"तिला सांग, नाय मोडला."

भाबीच्या ओठाचा कोपरा जरा हलायचा. चाचा आशेने बघायचे. ती चुलीकडे वळायची.

चाचांनी स्टेशनवर जाणं सोडलं. "तू जा," म्हणायचे. "तुझं इंग्रजी आता माझ्यापेक्षा बरं." तांब्या मात्र रोज घासून ठेवायचे. पाहुण्याने काही मागितलं तर खाली बघत म्हणायचे, "भाबीला विचार. तिचं असेल." कुंपणावरचा वेल मागितला तरी हेच. आणि पावसाळा सरला की स्वतः तेलाचा डबा घेऊन त्या दोन फाकांपाशी स्टूल टाकून बसायचे. बाहेरून ते चोळायचे. आतल्या बाजूला हात लावायचे नाहीत. ते काम भाबी करायची, चाचा जेवायला गेले म्हणजे.

अशाच एका दुपारी मी त्यांना चहा घेऊन गेले. फडकं हातात तसंच धरून म्हणाले, "पोरी, माग्दाने मागितली तेव्हा माझ्या तोंडात 'नाय' आला होता."

"मग?"

"पाहुणी होती, हे एक. पण तेवढंच असतं तर मी भाबीला तोंड दाखवलं असतं." त्यांनी फडकं डब्यावर ठेवलं. "इब्राहिमला दुबईला जायचं होतं. पासपोर्ट काढून बसला होता. मी जहाजावरून कळवलं, दोघं बाहेर नकोत, आईजवळ एकाने थांबायचं. तो थांबला. मी जगभर फिरत ऱ्हायलो आणि तो या एवढ्याशा होडीत. मी परत आलो तेव्हापासून ती दारात उपडी पडलेली. रोज सकाळी उठलो की तीच. माग्दाने मागितली तेव्हा वाटलं, बरं झालं. जाईल डोळ्यांसमोरून." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "तर ती उभीच ऱ्हायली."

चहा गार झाला. त्या होडीमुळे संस्थेचं नाव झालं होतं, बाहेरून मदत यायला लागली होती, वखारीचं छप्पर नवं झालं होतं. माझा पगारही वाढला होता आणि वाडीत आमच्या घराचा पाया खणायला घेतला होता. चाचांना 'जाऊ द्या, एवढं मनाला लावून घेऊ नका' असं म्हणणारी मी कोण? ते मनाला लावून घेत होते त्यातलाच एक वाटा मी घरी नेत होते.

पुढे माग्दाच्या देशातल्या एका संग्रहालयाचं पत्र आलं. त्यांना ती होडी कायमची हवी होती. त्या बदल्यात ते वखारीला कितीतरी वर्षं पुरेल एवढी मदत देणार होते. ट्रस्टवरचे दोघं खूश. चाचांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग उठले, पायात चपला सरकवल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी मागे होते. मला वाटलं, नेहमीप्रमाणे मला पुढे करतील. पण ते स्वतः बोलले.

"भाबी, होडी मागतायत. बाहेरदेशी न्यायला. कायमची. तू नाय म्हटलीस तर नाय. मी तेच कळवीन."

भाबी तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. उत्तर दिलं ते मलाच, पण आवाज त्यांना ऐकू जाईल असा.

"त्यांना सांग, त्याला बाहेर जायचं होतं. जाऊ दे आता."

चाचांनी चौकट धरली.

"आणि सांग, त्याचं नाव लिहायचं. बाई कोण, गाव कुठलं, काय ते लिहितात ना, तिथे. ही होडी कुणाची, ते पहिलं लिहायचं."

होडीबरोबर कुणीतरी जायला हवं होतं, ती कशी उभी राहते हे माहीत असलेलं. चाचा म्हणाले, "तू जा. मी खूप फिरलो." भाबीला विचारलं तर म्हणाली, "मला थंडी सोसत नाय." अशी मी विमानात बसले. आईबाप मुंबईपर्यंत पोचवायला आले होते. बाप सगळ्यांना सांगत होता, माझी लेक परदेशी चाललीय. मी खिडकीशी बसले आणि माझ्या मनात एकच गोष्ट येत राहिली, की पासपोर्ट काढून बसलेला माणूस वेगळाच होता.

संग्रहालयात त्यांनी पाटी आधीच करून ठेवली होती. वर माग्दाचं नाव, खाली 'लाकूड, तेल'. मी म्हटलं, असं चालणार नाही. तिथला अधिकारी सभ्यपणे म्हणाला, आमची पद्धत ठरलेली आहे, कलाकाराचं नाव आधी. मी चिरे काढणाऱ्याची मुलगी; कुणाचं घर आणि कुणाचा हात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी सांगितलं, ज्या बाईने होडी दिली तिची ही अट आहे, नाहीतर मी पेट्या पुन्हा बांधते. पेट्या मी एकटीने बांधल्या असत्या कशा, ते मला माहीत नाही. पण माग्दा माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिनेच स्वतःचं नाव खाली घ्यायला लावलं.

परत आले ती पाटीचा फोटो घेऊन. अंगणात दोघंही होते, नेहमीसारखे दोन टोकांना. मी आधी भाबीच्या हातात दिला. अक्षरं परकी, म्हणून बोट ठेवून दाखवलं: हे इब्राहिम. हे रत्नागिरी. तिने माझं बोट बाजूला केलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं. मग उठली आणि अंगण ओलांडून चाचांकडे गेली. चाचा उभे राहिले. हात शर्टाला पुसून पुढे केला.

भाबीने फोटो मागे घेतला. ओट्यावरचा तांब्या उचलून त्यांच्यापुढे धरला.

"आधी पाणी प्या," म्हणाली. "मग बघा."

चाचा प्यायले. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. शर्ट इस्त्रीचा होता, पण भाबी त्यावरून काही बोलली नाही.

त्यानंतर दोन पावसाळे चाचा होते. एका सकाळी फजरच्या नमाजाला उठले नाहीत. खाडीकाठच्या कबरस्तानात, पाणी दिसतं अशा जागी त्यांना ठेवलं. संग्रहालयाच्या पाटीवर इब्राहिमचं नाव आहे, माग्दाचं आहे, आणि जुळणी करणारी म्हणून पुस्तिकेत माझंसुद्धा आहे. चाचांचं कुठेच नाही. मी घालायला निघाले होते, पण त्यांनी आधीच हात जोडले होते, "माझं नको गो. माझं कशाला?" म्हणून इथेही लिहिलेलं नाही.

गाडीच्या वेळेला मी स्टेशनवर उभी असते, हातात त्यांचा फिरकीचा तांब्या. पाणी उकळून गाळलेलं. उतरणाऱ्या माणसाला मी नाव विचारायच्या आधी ते देते. तो पिईपर्यंत मी फलाटाच्या त्या टोकाकडे बघते, जिथे एक बुटका माणूस पाय फाकून उभा असायचा.

वखार चालू आहे. भाबी ट्रस्टवर आहे, आणि तिला विचारल्याशिवाय तिथली काडीसुद्धा कुणाला दिली जात नाही. आमच्या वाडीतलं घर चिऱ्यांचं झालं. बापाने मरण्याआधी त्यात एक पावसाळा काढला आणि भिंत बसली नाही.